इस्टेट एजंटने फोन-कॉम्प्युटरवर नेमकं काय शिकावं, काय सोडून द्यावं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सतरा वर्षं रिसेल आणि भाड्याची कामं करणाऱ्या, महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाचा) नंबर असलेल्या एका एजंटला दर महिन्याला कुणीतरी नवं ॲप सुचवतं. मुलगा म्हणतो सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्या, बिल्डरचा माणूस म्हणतो रील्स टाका, जाहिरातीच्या पोर्टलवाला पॅकेज गळ्यात मारतो. सगळं शिकायला वेळ नाही, आणि मागे पडायची धास्तीही आहे. सुरुवात कुठून करावी?

सीआरएमपासून तर नकोच. आपल्या धंद्यातली साधनं दोन जातींची आहेत. एक, सरकारी पोर्टलं. ती बदलली की आपल्याला बदलावंच लागतं. दुसरी, आपण हौसेने किंवा सोयीने घेतलेली ॲप्स. बहुतेक एजंट दुसऱ्या जातीवर पैसे आणि वेळ घालवतात, आणि पहिल्या जातीचं काम बाहेरच्या पोराकडून करून घेतात. हा क्रम उलटा हवा. रील न केल्याने सौदा मोडत नाही. पार्टीने, म्हणजे ग्राहकाने, स्वतः इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी सारांश) काढून आणला आणि एजंटला तो वाचता आला नाही, तर मात्र त्याच क्षणी ब्रोकरेजवर घासाघीस सुरू होते.

आधी इंडेक्स टू

नोंदणी व मुद्रांक विभागाची मोफत ई-सर्च ही रिसेलवाल्याची पहिली गरज. साइट जुनाट आहे, मधूनच बंद पडते, पण तिच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. शोधताना चूक बहुतेक वेळा गावाच्या नावात होते. सोसायटीच्या पत्त्यात जे उपनगर असतं तेच महसुली गाव असेल असं नाही. ओनरच्या जुन्या ॲग्रीमेंटमध्ये मिळकतीच्या वर्णनात ‘मौजे’नंतर जे नाव आहे, ते निवडा. मग वर्ष, जिल्हा आणि मिळकत क्रमांक. क्रमांकाच्या रकान्यात सर्व्हे नंबर ‘४५/२’ टाकून काही आलं नाही, तर नुसता ‘४५’ टाका. तरी नाही तर सिटी सर्व्हे नंबर, मग प्लॉट नंबर. दस्त नोंदवणाऱ्याने त्या दिवशी जसं टाइप केलं तसंच ते शोधात सापडतं. कॅप्चा पहिल्यांदा बरोबर टाकूनही साइट बऱ्याचदा पुन्हा मागते. भरलेली माहिती पुसू नका, खाली आलेला नवा कॅप्चा टाकून परत ‘शोधा’ दाबा.

एकच वर्ष पाहून थांबू नका. ओनरने २०१४ मध्ये घेतलं असेल, तर तेव्हापासून चालू वर्षापर्यंत एकेक वर्ष पाहायचं. मधे बक्षीसपत्र, हक्कसोड किंवा आधीच केलेलं साठेखत (विक्रीचा करार) निघू शकतं. बँकेकडे मूळ कागद ठेवून कर्ज काढलं असेल, तर गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन दाखल झालेली असायला हवी. तीही शोधा. शिवाय ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदणीत १० रुपये आणि वर जीएसटी एवढ्यात मालमत्तेवरचा बोजा शोधता येतो. मात्र तिथे बँकेने पत्ता वेगळ्या तऱ्हेने भरला असेल तर निकाल कोरा येतो. कोरा निकाल म्हणजे ‘कर्ज नाही’ असं पार्टीला कधीही सांगू नका. ‘या पत्त्यावर नोंद सापडली नाही’ एवढंच सांगा, आणि टायटल सर्च, म्हणजे मालकीची तपासणी, वकिलाकडूनच करून घ्या. आपली शोधाशोध टोकन (सौद्याची आगाऊ रक्कम) घेण्याआधी धोका हुंगण्यासाठी असते, वकिलाच्या जागी नव्हे.

इंडेक्स टूचा दुसरा उपयोग भाव ठरवायला. ओनर सांगतो, ‘शेजारचा फ्लॅट सव्वा कोटीला गेला.’ त्याच सोसायटीचे गेल्या वर्षभराचे दस्त काढा. मोबदला आणि बाजारमूल्य हे दोन वेगळे रकाने आहेत. व्यवहाराचा आकडा मोबदल्याचा, दुसरा रेडी रेकनरवरून (सरकारी दरपत्रकावरून) आलेला. क्षेत्रफळ बहुतेक ठिकाणी चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६४ ने गुणायचं. म्हणजे ६२.५० चौरस मीटर झाले ६७२.७५ चौरस फूट. मोबदला ८५ लाख असेल तर दर १२,६३५ रुपये फूट. पण थांबा, वर्णनात ‘कारपेट’ (घराच्या आतलं क्षेत्र) लिहिलंय की ‘बिल्ट-अप’ (बाहेरच्या भिंतींसकट)? बिल्ट-अप असेल आणि तो कारपेटच्या १.२ पट धरला, तर खरा कारपेट दर १५,१६० च्या आसपास जातो. एका शब्दाने फुटामागे अडीच हजारांचा फरक पडला. पार्किंग, टेरेस वेगळी लिहिली आहे का तेही त्याच परिच्छेदात असतं. या एका वाचनाची सवय लागली की ओनरशी भावाचं बोलणं पार बदलतं.

जमिनीच्या व्यवहारात शिरत असाल तर महाभूमीवरचे दोन सातबारे वेगळे ओळखा. भूलेखवर फुकट दिसतो तो फक्त माहितीसाठी. डिजिटल सहीचा वेगळ्या पोर्टलवर १५ रुपयांना मिळतो, आणि तोच कामाला चालतो. सातबारा कोरा दिसला तरी फेरफाराच्या नोटिसा दाखवणारी ‘आपली चावडी’ साइट पाहायचीच. फेरफाराची (नोंदीतल्या बदलाची) नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवस असतात, आणि त्या काळात सातबाऱ्यावर अजून जुनंच नाव दिसत असतं. नेमक्या त्याच फटीत फसवणूक होते. गुगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं मागे-मागे सरकवून पाहता येतात. आज सपाट दिसणाऱ्या प्लॉटवर दहा वर्षांपूर्वी नाला होता का, हे त्यात कळतं.

भाडेकरार घरबसल्या, पण तयारीने

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे, हे अजूनही समजावून सांगावं लागतं.

मुद्रांक शुल्काचा हिशेब तोंडपाठ असू द्या: मुदतीतलं एकूण भाडं, अधिक परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज. या बेरजेवर ०.२५ टक्के. भाडं २५,०००, डिपॉझिट १ लाख, मुदत २४ महिने असेल तर ६,००,००० अधिक २०,०००, म्हणजे ६,२०,००० वर १,५५० रुपये. नोंदणी फी महापालिका-नगरपालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००, आणि दस्त हाताळणी शुल्क वेगळं. हा हिशेब पार्टीला आधीच व्हॉट्सॲपवर पाठवला तर ‘एवढे कसे झाले?’ हा प्रश्न उरत नाही.

ऑनलाइन नोंदणीत आधार पडताळणी करताना अडतं ते अंगठ्यावर. बायोमेट्रिक यंत्राची जुनी एल-झीरो पिढी आधारने हद्दपार केली आहे. मंत्रा कंपनीचं एमएफएस १०० हे त्यातलं, त्याच्या जागी एमएफएस ११० सारखं एल-वन यंत्र लागतं. सेकंडहँड स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका, ते बहुधा जुन्या पिढीचंच असतं. यंत्राला आरडी सर्व्हिसची (यंत्र आधारशी जोडणाऱ्या सेवेची) वर्गणी नव्याने भरावी लागते, आणि ती संपली की यंत्राचा दिवा लागतो पण पडताळणी होत नाही. लोक वायर बदलत बसतात. म्हणून अपॉइंटमेंटच्या आदल्या संध्याकाळी त्याच लॅपटॉपवर, त्याच ब्राउझरमध्ये स्वतःचं बोट ठेवून पाहा.

ज्येष्ठ ओनरच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. आधार पडताळणी दहापैकी कुठल्याही बोटावर होते, अंगठ्यासाठी अडून राहू नका, अनामिका चालते का पाहा. बोट ओल्या रुमालाने पुसून कोरडं करा, काचही पुसा. सगळी बोटं नापास झाली तर आधी विचारा, ‘काका, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय का?’ मुलाने परदेशातून फोनवर सांगून लॉक करायला लावलेलं असतं आणि काकांना आठवत नाही. त्यांच्याच फोनवर आधारच्या ॲपमधून तात्पुरतं उघडता येतं, पण त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल हाताशी हवा. तो नंबर बंद असेल तर त्या दिवशी काम होणार नाही. हा प्रश्न अपॉइंटमेंट ठरवतानाच विचारायचा असतो.

करारातली नावं आधारवर आहेत तशीच्या तशी. ‘सौ.’, ‘श्री.’ आणि लग्नाआधीचं आडनाव यांनीच परत आलेल्या दस्तांची संख्या वाढवली आहे. करार झाला की भाडेकरूची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर भरून पोच ओनरला पाठवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ओनर दुसऱ्यांदा तुमच्याकडेच येतो ते या पाच मिनिटांमुळे.

महारेरा आणि जाहिरात

जानेवारी २०२४ पासून एजंटला सक्षमता प्रमाणपत्र असल्याशिवाय काम करता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नोंदणी पाच वर्षांची असते. संपण्याच्या तीन महिने आधीची आठवण आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका. नव्या प्रकल्पाचं काम घेताना ब्रोशर बाजूला ठेवून प्रकल्पाचं पान उघडा: पूर्ण होण्याची मूळ तारीख, मुदतवाढ मिळालेली तारीख, चालू दावे, विकलेल्या सदनिकांची संख्या आणि शेवटचा तिमाही अहवाल कधीचा आहे. शेवटचा अहवाल वर्षभर जुना असेल तर बाकी काही वाचायची गरज नाही.

१ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोडही लागतो. व्हॉट्सॲप स्टेटसवरचं पोस्टरही जाहिरातच. चूक होते ती अशी: बिल्डरच्या पोस्टरवर स्वतःचं नाव-फोटो चिकटवताना कोड छोटा होतो किंवा झाकला जातो, आणि व्हॉट्सॲप फोटो दाबून (दर्जा कमी करून) पाठवतं तेव्हा तो वाचला जात नाही. पोस्टर एकदा दुसऱ्या फोनवर पाठवा आणि तिसऱ्या फोनने तो कोड स्कॅन करून पाहा. प्रकल्पाचं पान उघडलं तरच पुढे पाठवा. जाहिरातीत नियम मोडल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

मजकूर लिहायला चॅटजीपीटी किंवा जेमिनी वापरा, हरकत नाही. मराठी-इंग्रजी दोन्ही बरं लिहितात. पण ‘टू बीएचके, कोथरूड’ एवढंच दिलं, तर ते स्वतःहून ‘मेट्रोपासून पाच मिनिटांवर’, ‘भरपूर पाणी’, ‘प्रशस्त पार्किंग’ लिहून मोकळे होतात. तुमच्या नावाने गेलेल्या खोट्या विधानाला तुम्हीच जबाबदार. आधी कारपेट, मजला, दिशा, पार्किंग, मेंटेनन्स, इमारतीचं वय हे सहा आकडे-तपशील द्या आणि ‘याबाहेरचं काही लिहू नको’ असं बजावा. अंतराचं वाक्य आलंच तर नकाशावर संध्याकाळी सहाची वेळ निवडून तपासा.

कारपेट स्वतः मोजायची सवय ठेवा. लेझर मीटर हे या धंद्यातलं सर्वात कमी वापरलं जाणारं आणि सर्वात जास्त भांडणं वाचवणारं यंत्र आहे. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती कारपेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. नुसत्या खोल्यांची बेरीज केली की आतल्या भिंतींची जागा सुटते आणि आकडा ॲग्रीमेंटपेक्षा कमी येतो. मग ओनरवर उगाच संशय.

फोटोंचं थोडक्यात सांगायचं तर, कॅमेऱ्याची काच पुसा, फोन आडवा धरा, छातीच्या उंचीवर ठेवा, सगळे दिवे लावा, खोलीच्या कोपऱ्यातून घ्या. ०.५ ची वाइड लेन्स फक्त बाथरूम आणि किचनसाठी. तिने काढलेला हॉल पाहून आलेली पार्टी दारातच नाराज होते.

फोनमधली नोंद

आता सीआरएम. माणसं एक-दोन आणि चालू नोंदी शंभर-दीडशे असतील तर गुगल शीट पुरते. ऑफिसात चार माणसं झाली आणि एकाच पार्टीला दोघे फोन करायला लागले, की मग सीआरएम घ्या. तेव्हाही पहिला प्रश्न विक्रेत्याला एकच: माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये मला हवा तेव्हा काढता येतो का? दाखवा. दाखवता आलं नाही तर चहा पाजून निरोप द्या.

शीट उघडल्यावर सर्वात आधी सेटिंगमध्ये जाऊन प्रदेश ‘भारत’ करा. अमेरिकन राहिला तर ०५/०८ ही तुमची पाच ऑगस्ट ८ मे होऊन बसते आणि कराराची मुदत चुकते. फ्लॅटच्या यादीत सोसायटी, विंग-नंबर, कारपेट, कारपेट कुठून घेतला (ॲग्रीमेंट की मोजून), भाव, चावी कुणाकडे, कागदांची स्थिती, आणि ‘शेवटची खात्री’ ही तारीख. भाव फक्त लाखांत आणि फक्त आकडा: ‘१२५’. ‘१.२५ सीआर निगो.’ असं लिहिलं की गाळणी (फिल्टर) लागत नाही. मोबाइल नंबर दहा आकडी, पुढे प्लस लावायचा नाही. ‘शेवटची खात्री’ १५ दिवसांपेक्षा जुनी झाली की ओळ आपोआप लाल होईल असा नियम लावा. लाल ओळीतला फ्लॅट ओनरला फोन केल्याशिवाय कुणाला सुचवायचा नाही. गेलेला फ्लॅट दाखवायला नेण्याइतकी फजिती दुसरी नाही, आणि ती टाळणारं हे एक रकान्याचं काम कुठल्याही महागड्या ॲपच्या तोडीचं आहे. भाड्याच्या यादीत कराराची अखेरची तारीख ठेवा, दोन महिने आधी फोन करा. नूतनीकरणाचं काम तिथूनच येतं.

व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे आणि त्यातली लेबलं वापरणारे फार थोडे. वीसपर्यंत लेबलं करता येतात, पण सहा पुरे: नवी चौकशी, दाखवलं, बोलणी, टोकन, कागद, बंद. झटपट उत्तरांत भाडेकराराच्या कागदांची यादी, ब्रोकरेजच्या अटी आणि ऑफिसचं लोकेशन साठवा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. ‘दोनशे जणांना पाठवलं, उत्तर एकाचंही नाही’ याचं कारण बहुतेकदा हेच. फोटो दाबले जाऊ नयेत म्हणून प्लॅन आणि कागद ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

अनोळखी नंबरांच्या याद्या विकत घेऊन साध्या दहा आकडी नंबरवरून फोन-मेसेजचा मारा करू नका. जाहिरातीच्या फोनला १४० ची मालिका आणि एसएमएसला डीएलटी नोंदणी (दूरसंचार कंपन्यांकडची पाठवणाऱ्याची नोंद) लागते. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ऑगस्ट २०२४ पासून अशा बिननोंदणी नंबरांवर कडक पावलं उचलली आहेत. तक्रारी जमल्या तर कनेक्शन तुटतं आणि काळ्या यादीत दोन वर्षांपर्यंत अडकता येतं. सतरा वर्षं लोकांना पाठ असलेला नंबर त्यासाठी पणाला लावायचा नाही.

भाड्याच्या कामात एक ठरलेला डाव सारखा येतो. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, फ्लॅट न बघताच पसंत, डिपॉझिट आत्ता पाठवतो, हा क्यूआर ओनरला स्कॅन करायला सांगा.’ पैसे घेण्यासाठी स्कॅन किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही. हे वाक्य ओनरला पाठवायचं झटपट उत्तर म्हणून साठवून ठेवा. ‘सोसायटीची नोटीस’ किंवा ‘चलन’ म्हणून आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडायची नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. तास-दोन तासांत केलेल्या तक्रारीला अर्थ असतो.

लोकांचे आधार, पॅन, भाड्याच्या चेकचे फोटो तुमच्या गॅलरीत लग्नाच्या फोटोंशेजारी पडलेले असतील. नोंदणीला पूर्ण क्रमांक लागतो तिथे घ्या, बाकी ठिकाणी शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा. काम झालं की गॅलरी, व्हॉट्सॲप आणि रिसायकल बिन तिन्हीकडून काढा. व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम २०२५ मध्ये आले. छोट्या ऑफिसलाही ही शिस्त आता लावून घ्यावीच लागेल.

हे सगळं एका आठवड्यात करायला बसू नका. पुढच्या तीन रिसेल कामांत ई-सर्च स्वतः करा, पोरावर सोपवू नका. पुढचे दोन भाडेकरार स्वतः भरा. शीट शुक्रवारी संध्याकाळी. नवं काही आलं तर ते आधी झालेल्या, बंद झालेल्या एका सौद्याची माहिती भरून पाहा. चालू पार्टीवर प्रयोग नको.

आणि आज रात्री एक काम करा. फोन हरवला असं समजा. सिम बंद करून नवं घेणं, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करणं, व्हॉट्सॲप नव्या फोनवर चालू करणं, यातलं काय-काय तुम्हाला जमेल ते तपासा. व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगलच्या १५ जीबीत मोजला जातो. ती जागा भरली असेल तर तो कित्येक महिन्यांपूर्वीच थांबलेला असेल, तारीख पाहा. टू-स्टेप पिन लावा, आणि तो फोनमध्ये नव्हे, ऑफिसच्या कपाटात कागदावर लिहून ठेवा.